चर्चमधली नोकरी आणि चाळीस तासांवरचे तास

डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत चर्चच्या ऑफिसात किंवा चर्चच्या प्रीस्कूलमध्ये काम करणाऱ्या बऱ्याच मराठी बायका मला आता माहीत आहेत. घरापासून जवळ, मुलांच्या शाळेच्या वेळेशी जुळणारी, एच-४ ईएडीवर (एच-१बी व्हिसावाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर) चालणारी नोकरी म्हणून आपण ती धरतो. मी ख्रिस्ती आहे, मूळची नगरची. पण या नोकऱ्या करणाऱ्या सगळ्याच ख्रिस्ती नसतात. पगार, ओव्हरटाइम, 'चर्चला कायदा लागू होतो का' हे प्रश्न मात्र सगळ्यांचे सारखेच आहेत. मी जुलै २०२४ पासून पुढच्या मे महिन्यापर्यंत या प्रश्नाच्या मागे होते. तेव्हा मराठीत कुणी लिहिलेलं मिळालं असतं तर कितीतरी रात्री शांत झोप लागली असती. मी वकील नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

ऑगस्ट २०२२ मध्ये मी एका मध्यम आकाराच्या चर्चमध्ये ऑफिस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून लागले. पगार आठवड्याला ७०० डॉलर, म्हणजे वर्षाचे ३६,४००. नेमणुकीच्या पत्रात लिहिलं होतं, 'पूर्णवेळ, आठवड्याला ४० तास, पगारी' ('पगारी' म्हणजे तासावर नव्हे, ठरलेल्या पगारावर). ही ओळ पुढे किती कामाला येणार होती याची तेव्हा कल्पना नव्हती, पण पत्र मी फाइलला लावून ठेवलं होतं. तुम्हीही ठेवा.

काम काय होतं? फोन, टपाल, रविवारच्या उपासनेचं बुलेटिन, हॉलचं बुकिंग, सभासदांच्या याद्या, प्रीस्कूलची फी कार्डवर घेणं, पुस्तकं-खडू-कागद ऑनलाइन मागवणं. सोमवार ते शुक्रवार दिवसभर. त्यावर बुधवारी संध्याकाळचं सामुदायिक जेवण, कारण जेवणाची नावनोंदणी आणि पैसे माझ्याकडे. रविवारी सकाळी ऑफिस उघडं ठेवायचं, कारण प्रिंटर नेमका तेव्हाच अडतो. साधा आठवडा सहज ४४-४५ तासांचा व्हायचा. नाताळ, ईस्टर आणि जूनमधलं व्हेकेशन बायबल स्कूल (मुलांसाठी सुट्टीतले बायबलचे वर्ग) या तीन वेळी त्याला धरबंधच उरायचा नाही. बदल्यात पास्टर आपुलकीनं म्हणायचे, 'सोमवारी उशिरा ये', किंवा 'ईस्टरनंतर दोन दिवस घे'. भारतातल्या कॉम्प ऑफसारखंच ते वाटायचं.

१ जुलै २०२४ ला अमेरिकेच्या कामगार खात्यानं पगारी कर्मचाऱ्यांना ओव्हरटाइममधून वगळण्यासाठी लागणारी किमान पगाराची मर्यादा आठवड्याला ६८४ डॉलरवरून ८४४ वर नेली. आमचे पगार बाहेरची एक पेरोल कंपनी काढते. तिनं सगळ्या ग्राहकांना सरसकट ईमेल पाठवली: ज्या कर्मचाऱ्यांचा पगार ८४४ च्या खाली आहे त्यांना चाळीस तासांवर दीडपट दर द्यावा लागेल, यादी तपासा. ऑफिसची मेल मीच उघडते, त्यामुळे ती माझ्याच समोर आली. मी ती छापून पर्सोनेल कमिटीच्या (चर्चच्या नोकरवर्गाचं बघणाऱ्या समितीच्या) अध्यक्षांपुढे ठेवली. ते निवृत्त इंजिनियर, अतिशय सज्जन माणूस. त्यांनी वाचली, घडी केली आणि म्हणाले, 'हे कंपन्यांसाठी आहे. आपण चर्च आहोत.'

त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. पण त्या एका वाक्यानं मी जागी झाले. चर्चला खरंच हे लागू होत नाही का, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं आणि कुणी शोधायलाही तयार नव्हतं. म्हणून मी शोधलं.

कायदा १९३८ चा, फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट. त्यात 'चर्च वगळले आहे' असं कुठेही नाही. टेक्सासमध्ये खासगी नोकरीच्या ओव्हरटाइमला आधार याच फेडरल कायद्याचा. तो दोन वाटांनी लागू होतो. पहिली वाट संस्थेची: धंद्याची उलाढाल वर्षाला पाच लाख डॉलर असेल तर. दान-अर्पण त्यात धरत नाहीत, म्हणून नुसतं उपासनेचं चर्च बहुधा इथून सुटतं. पण शाळा, प्रीस्कूल, इस्पितळ, वृद्धांची देखभाल करणारी संस्था चालवत असाल तर उलाढालीची अट नाही, नफा-ना नफा हाही प्रश्न नाही. आमचं प्रीस्कूल चर्चच्याच नावावर आणि त्याच टॅक्स नंबरवर चालतं. दुसरी वाट माणसाची: तुमचं स्वतःचं काम नेहमी राज्याबाहेर जात असेल, म्हणजे परराज्यातून माल मागवणं, कार्डचे व्यवहार, बाहेरच्या राज्यांतले फोन आणि टपाल, तर संस्था कशीही असो, तुम्हाला कायद्याचं संरक्षण आहे. मी दोन्ही वाटांनी आत बसत होते.

मग पाळकांचं काय? पाळक, धर्मसेवेची दीक्षा घेतलेली माणसं, धर्मशिक्षण हेच ज्यांचं मुख्य काम आहे असे लोक वेगळे. त्यांच्या बाबतीत न्यायालयं चर्चच्या कारभारात हात घालत नाहीत. सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये होझाना-टेबर खटल्यात हे तत्त्व मान्य केलं. तो खटला भेदभावाचा होता, पगाराचा नव्हे, पण चर्चवाले सगळीकडे त्याच्याकडे बोट दाखवतात. आमच्याकडेही दाखवलं. 'या इमारतीत आपण सगळेच सेवेत आहोत', असं एक ट्रस्टी म्हणाले. तसं असेलही; पण कायदा हुद्दा बघत नाही, काम बघतो. बुलेटिन छापणारी, हिशेब लिहिणारी, जमीन पुसणारा, स्वयंपाक करणारी ही माणसं पाळक ठरत नाहीत.

जुलैच्या शेवटापासून मी तास लिहायला लागले. कामगार खात्याचं त्यासाठी एक फुकट ॲप आहे. मी साधी वही वापरली, कारण वही कुणालाही उघडून दाखवता येते. तारीख, आलेली वेळ, जेवणाची सुट्टी, गेलेली वेळ, काय केलं. पाच मिनिटांच्या आत लिहायचं, महिनाअखेरीस आठवून नाही.

मागच्या तासांचं काय करायचं हा मोठा प्रश्न होता, कारण पगारी म्हणून माझी हजेरी कुणी ठेवलीच नव्हती. इथे एक गोष्ट कळली आणि धीर आला. तासांच्या नोंदी ठेवणं हे मालकाचं काम आहे. त्यानं ठेवल्या नसतील तर कामगारानं आपल्याजवळच्या पुराव्यावरून रास्त अंदाज मांडला तरी चालतो, हे सुप्रीम कोर्टानं १९४६ मध्येच, मातीची भांडी करणाऱ्या एका कारखान्याच्या खटल्यात सांगून ठेवलंय. माझा पुरावा निघाला दाराच्या अलार्ममध्ये. प्रत्येकाचा कोड वेगळा, आणि अलार्म कंपनी महिन्याचा अहवाल ऑफिसच्या मेलवर पाठवते. बुधवार, ६ डिसेंबर २०२३: सकाळी ८:५२ ला माझ्या कोडनं उघडलं, रात्री ८:४७ ला माझ्याच कोडनं बंद झालं. ओळीखाली ओळ. त्याला मी पाठवलेल्या ईमेलच्या वेळा जोडल्या आणि कागदावर आठवडे मांडत गेले. एक पथ्य पाळलं: फक्त माझ्या वेळांच्या नोंदी घेतल्या. देणगीदारांच्या याद्या, इतरांचे पगार, कशालाही हात लावला नाही. तुम्हीही लावू नका, त्यानं आपली बाजू लंगडी होते.

आठवडे मांडताना कॉम्प ऑफचा उलगडा झाला. खासगी नोकरीत हा कायदा प्रत्येक आठवडा स्वतंत्र धरतो. आमचा पगाराचा आठवडा रविवार ते शनिवार. २०२४ चा झावळ्यांचा रविवार २४ मार्चला होता, तिथून उत्तम शुक्रवार धरून शनिवारपर्यंत माझे ५६ तास झाले. ईस्टर ३१ मार्चला, म्हणजे पुढच्या आठवड्यात गेला. त्या पुढच्या आठवड्यात मला दोन दिवस सुट्टी मिळाली, पण तिनं आधीचे १६ तास फिटत नाहीत. त्याच आठवड्यात सुट्टी देऊन तास चाळीसच्या आत आणले तर चालतं. पुढच्या आठवड्यात दिली तर ती नुसती सुट्टी. सोळा तासांचे, साडेसतराच्या (७०० भागिले ४०) दीडपट म्हणजे २६.२५ दरानं, ४२० डॉलर होतात.

रविवारी मी संडे स्कूलमध्ये लहान मुलांचा वर्गही घेते. ते तास मी मोजले नाहीत आणि मोजणारही नाही. ते माझ्या नोकरीपेक्षा वेगळं काम आहे, मी ते मनापासून, कुणी न सांगता करते, आणि कायद्यालाही अशी सेवा मान्य आहे. पण शनिवारी येऊन बुलेटिन छापून दिलं आणि त्याला 'स्वयंसेवा' म्हटलं, तर ते चालत नाही. पगारावर जे काम करता तेच त्याच संस्थेसाठी फुकट करता येत नाही, स्वतःहून तयार असलात तरी.

घरी दोन भीती होत्या. नवऱ्याची भीती व्हिसाची: तक्रार केली तर एच-४ वर काही येईल का, ग्रीन कार्डच्या रांगेवर काही परिणाम? आईची भीती वेगळी. आमच्या घरात नगरच्या मिशनच्या वातावरणात तीन पिढ्या वाढल्या. बाबांनी चर्चच्या मंडळीचा खजिना वर्षानुवर्षं बिनपगारी सांभाळला. देवाच्या घरी तास मोजायचे, हे तिला फोनवर सांगताना माझा आवाज खाली गेला होता. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, 'बाबांनी पगार घेतला नाही कारण बाबांची सरकारी नोकरी होती. तुला पगारावर ठेवलंय ना? मग लूकचा दहावा अध्याय वाच.' त्यात कामकऱ्याला मजुरी मिळालीच पाहिजे असं येशू स्वतः सांगतो. आईनं अडवलं असतं तर मी इथपर्यंत आले असते की नाही, सांगता येत नाही.

व्हिसाचं उत्तर सप्टेंबरमध्ये मिळालं. कामगार खात्याच्या वेज अँड अवर डिव्हिजनला फोन केला: १-८६६-४८७-९२४३. कामाच्या दिवशी, सकाळी लवकर करा. दुपारी केला तेव्हा बराच वेळ संगीत ऐकत बसावं लागलं. फोन फुकट, तक्रारही फुकट. इंग्रजी जमत नसेल तर दुभाषा मागता येतो, दोनशेहून जास्त भाषांची सोय आहे. सुरुवातीला चर्चचं नाव न सांगता नुसते प्रश्न विचारले तरी त्यांनी नीट उत्तरं दिली. इमिग्रेशनचा विषय ते काढत नाहीत. ज्यानं काम केलं त्याला मजुरी, एवढंच बघतात. तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवतात. आणि तक्रार केली म्हणून कामावरून काढणं किंवा छळणं हाच वेगळा गुन्हा ठरतो. मला त्यांनी विचारलं ते असं: प्रीस्कूल आहे का, कुणाच्या नावावर, पगार तासावर की ठरलेला, कामाचे निर्णय तुम्ही घेता की सांगितलेलं करता.

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा निघाला. १५ नोव्हेंबर २०२४ ला इथल्याच, टेक्सासच्या पूर्व जिल्ह्याच्या फेडरल कोर्टानं ८४४ डॉलरचा नियम देशभर रद्द केला. मर्यादा परत ६८४ वर आली. माझा पगार ७००. अध्यक्षांनी मला बोलावून बातमी दाखवली. त्यांना वाटलं, विषय संपला. क्षणभर मलाही पोटात खड्डा पडल्यासारखं झालं.

पण पगाराची मर्यादा ही फक्त एक चाळणी आहे. ओव्हरटाइममधून वगळायचं, म्हणजे 'एक्झेम्प्ट' धरायचं, तर पगार ठरलेला हवा, मर्यादेच्या वर हवा, आणि त्याशिवाय कामही त्या दर्जाचं हवं. ऑफिसच्या नोकरीत याचा अर्थ असा की संस्थेच्या कारभाराबाबत महत्त्वाच्या गोष्टींत स्वतःच्या अखत्यारीत निर्णय घेणं हे तुमचं मुख्य काम हवं. मी कुठल्या रंगाच्या कागदावर बुलेटिन छापायचं ते ठरवत होते. अंदाजपत्रक, नेमणुका, करार यांतलं काहीच माझ्या हातात नव्हतं. म्हणजे ६८४ असो की ८४४, मी कधीच एक्झेम्प्ट नव्हते. हे पुष्कळ जणींना माहीत नसतं: 'पगारी' असणं आणि ओव्हरटाइममधून वगळलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डिसेंबरच्या सुरुवातीला मी कमिटीला दोन पानी पत्र दिलं. भाषा शांत, आरोप नाही. माझं काम, कायद्याचा मुद्दा, आठवड्यांचा तक्ता, मागणी. नाताळमुळे उत्तर जानेवारीत आलं: पुढे तासांवर पगार देऊ, झालं ते झालं.

पुढचं पटलं, मागचं नाही. ३०० डॉलर देऊन एका वकिलाशी तासभर बोलले. त्या काळातला सगळ्यात उपयोगी खर्च. त्यांनी सांगितलं की दावा दोन वर्षं मागेच जातो, मालकानं जाणूनबुजून केलं असेल तर तीन. आणि कामगार खात्यात तक्रार केल्यानं ते घड्याळ थांबत नाही, कोर्टात दावा लावला तरच थांबतं. म्हणजे मी थांबत होते त्या प्रत्येक पगारवारी मागचा एक पगारवार हातातून जात होता. २०२२ चे महिने तसेच गेले. तुम्ही या वळणावर असाल तर वाट बघू नका, एवढं मी हात जोडून सांगते.

जानेवारीअखेर रीतसर तक्रार केली. फेब्रुवारीत खात्याच्या अधिकारी बाईंनी चर्चला फोन करून पगाराच्या नोंदी मागवल्या. ते तीन-चार आठवडे फार जड गेले. माझं नाव कुणी सांगितलं नव्हतं, पण पत्र देऊन झालं होतं, त्यामुळे सगळ्यांना माहीतच होतं. कुणी टाकून बोललं नाही. फक्त कॉफीच्या टेबलाजवळ मी गेले की बोलणं थांबायचं. रविवारी वर्गातली मुलं धावत येऊन बिलगायची, त्यावर मी ते दिवस काढले. पास्टरांनी एकदा दार लावून विचारलं, 'तू रागावली आहेस का?' मी खरं तेच सांगितलं: राग नाही, पण जे तास मी काम केलं ते कुणीतरी मोजले पाहिजेत.

चर्चच्या वकिलाचा एक मुद्दा मात्र नीट समजून घ्या. त्यांचं म्हणणं, ७०० डॉलर हे जितके तास होतील त्या सगळ्यांचे होते, त्यामुळे वरच्या तासांना फक्त अर्धा दर द्यायचा. ४५ तासांच्या आठवड्याला ७०० भागिले ४५ म्हणजे १५.५६, त्याचा निम्मा ७.७८, गुणिले पाच: ३९ डॉलरही नाहीत. माझ्या हिशेबानं पाच तासांचे १३१.२५. एवढा फरक! नेमणुकीच्या पत्रातल्या 'आठवड्याला ४० तास' या शब्दांनी तो वाद मिटला. पगार चाळीस तासांचा होता, हे त्यांनीच लिहून दिलं होतं.

मार्चअखेर मान्य झालं. सुट्ट्यांचे आणि चाळीसच्या आतले आठवडे वगळून दोन वर्षांचे जवळजवळ चारशे तास, दहा हजार डॉलरांच्या थोडे वर. दोन हप्त्यांत, एप्रिल आणि मे. हा पगारच असल्यामुळे सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के, मेडिकेअरचे १.४५ आणि इन्कम टॅक्स कापूनच हातात येतो. पैसे घेताना डब्ल्यूएच-५८ नावाच्या फॉर्मवर सही करावी लागली. ती केली की त्या काळासाठी कोर्टात जाण्याचा हक्क सोडला. कायद्यात तेवढीच रक्कम नुकसानभरपाई म्हणून वेगळी मागता येते, म्हणजे दुप्पट. मी कोर्टात जाऊन ती मागायची नाही असं ठरवलं, कारण त्या चर्चचं अर्पण कुठून येतं ते मी दर सोमवारी पाकिटं उघडताना बघते. हा माझा निर्णय; तुमचा वेगळा असू शकतो आणि तोही बरोबरच असेल. सहीआधी मात्र पूर्ण वाचा.

याच चौकशीत आमच्या सफाई आणि देखभाल बघणाऱ्या माणसाचाही हिशेब लागला. तो तासावर होता, ४८ तास भरायचा, आणि त्याला ४८ तासांचा साधाच दर मिळत होता. त्याचा वरचा अर्धा दर बाकी होता. तो स्पॅनिश बोलतो. खात्यानं त्याच्याशी स्पॅनिशमध्येच बोलणं केलं. तो माझ्याकडे येऊन काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीचं कुरकुरणारं चाक बदलून गेला.

आता मी तासावर आहे, १८.५० दरानं. बुधवारच्या जेवणाची नोंद दोन स्वयंसेवक घेतात, रविवारी ऑफिस बंद असतं. वरचे तास आधी विचारून करायचे असं ठरलंय. न विचारता झाले तरी चर्चच्या माहितीत झाले असतील तर पैसे द्यावेच लागतात, हेही कमिटीनं नियमावलीत लिहिलं. जूनमधल्या व्हेकेशन बायबल स्कूलच्या आठवड्यात माझे ५१ तास झाले. अकरा तासांचे ३०५.२५ डॉलर पुढच्याच पगारात, वेगळ्या ओळीत आले.